ट्रान्सफर केस खोलण्याआधी : फोर-बाय-फोर पिकअपच्या नव्या मालकांसाठी

ठाणे-नवी मुंबईत फोर-बाय-फोर पिकअप बाळगणाऱ्याची गाडी वर्षातले अकरा महिने घोडबंदर रस्त्यावर, ठाणे-बेलापूर रस्त्यावर किंवा उरणच्या बाजूला डांबर आणि काँक्रीटवरच धावत असते. एखाद्या पावसाळी रविवारी मुरबाडच्या पुढे शेताच्या वाटेवर मागची चाके जागच्या जागी फिरू लागतात, मालक प्रथमच फोर-व्हील-ड्राइव्हचा नॉब फिरवतो आणि डॅशबोर्डवरचा दिवा नुसता लुकलुकत राहतो. ट्रॅक्टरने ओढून गाडी बाहेर निघते, सोमवारी गॅरेजमध्ये जाते आणि तिथे निदान तीन शब्दांत होते : ट्रान्सफर केस गेली.

माझा अनुभव असा की हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते. ट्रान्सफर केस हा इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा दणकट डबा आहे आणि आपल्याकडे त्याला काम इतके कमी पडते की आतले दाते झिजायला संधीच मिळत नाही. बिघडतात ती त्याच्याभोवतीची नाजूक अंगे, म्हणजे बदल करणारी मोटर, वायर, हवेची ओढ पोहोचवणारी व्हॅक्यूमची नळी, पुढची चाके अॅक्सलशी जोडणारे हब, तेल अडवणारे सील. तीही झिजून कमी आणि न वापरल्यामुळे व पाण्यामुळे जास्त बिघडतात. म्हणून प्रथम आपल्या गाडीत कोणती केस आहे ते ओळखावे, नंतर बाहेरून आत असे एकेक कारण वगळत जावे आणि डबा खोलण्याची वेळ सगळ्यात शेवटी आणावी. या लेखातील क्रम तसाच ठेवला आहे.

हा डबा नेमके काय करतो

इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून बाहेर पडल्यावर ट्रान्सफर केसमध्ये येतो. तिथून एक वाट सरळ मागच्या प्रॉपेलर शाफ्टकडे (जोर अॅक्सलपर्यंत नेणाऱ्या लांब दांड्याकडे) जाते आणि दुसरी, गरज असेल तेव्हाच जोडली जाणारी, पुढच्या शाफ्टकडे. टू-एच म्हणजे केवळ मागची चाके, फोर-एच म्हणजे नेहमीच्या वेगात चारही चाके, आणि फोर-एल म्हणजे चारही चाके व त्यासोबत वेग कमी करून ओढ वाढवणारी गिअरची आणखी एक पायरी. आजच्या बहुतेक पिकअपमध्ये ही पायरी अडीच पटीच्या आसपास असते. फोर-एलमध्ये गाडी त्याच गिअरमध्ये, इंजिनाच्या त्याच फेऱ्यांवर, सुमारे दोनपंचमांश वेगाने चालते आणि चाकाला तितक्याच पटीने अधिक जोर मिळतो.

आपल्याकडच्या पिकअपमधील केस सर्वसाधारणपणे पार्ट-टाइम प्रकारची असते, म्हणजे पुढचा आणि मागचा शाफ्ट तिच्यात एकमेकांना घट्ट बांधले जातात आणि दोघांमध्ये त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियल नसते. वळण घेताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या कमानीवरून जातात, त्यामुळे त्यांना अधिक फिरावे लागते. चिखलात चाक थोडे घसरते आणि फरक भरून निघतो, पण कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही आणि तो सगळा ताण शाफ्टमध्ये व केसमध्ये पिळासारखा साठत जातो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये फोर-एच लावून गाडी वळवताना ती अडखळते, उड्या मारते आणि स्टिअरिंग जड होते, ते यामुळेच. हा दोष नव्हे. नव्या मालकांच्या तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारी एवढ्या एका गोष्टीवर मिटतात.

आपल्या गाडीत कोणती केस आहे

सुरुवात गाडीत बसूनच करावी. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा दांडा असेल तर केस हाताने बदलण्याची आहे आणि डॅशबोर्डवर किंवा मधल्या कन्सोलवर गोल नॉब असेल तर ती विजेच्या मोटरने बदलते. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस (भारतात २०१६ पासून) आणि टोयोटाची हायलक्स (भारतात २०२२ पासून) या दोन्हींना गोल नॉब आहे. जुन्या बाजारात मिळणाऱ्या टाटा झेनॉन आणि महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे यांच्या फोर-बाय-फोर प्रकारांतही विजेवर चालणारी व्यवस्था आढळते. जीपच्या घराण्यातल्या जुन्या गाड्यांना मात्र एक किंवा दोन जादा दांडे असतात. जुनी गाडी घेणाऱ्यांनी मागच्या फळ्यावरच्या ‘फोर-बाय-फोर’ अक्षरांवर जाऊ नये, कारण स्टिकर स्वस्त असतो; खाली वाकून पुढच्या अॅक्सलकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट प्रत्यक्ष दिसतो का ते पाहावे.

मग गाडीखाली पाहावे. केसचे कवच ॲल्युमिनियमचे, दोन अर्ध्या भागांचे, मधे बोल्टांची ओळ असलेले आणि एका अंगाला लांबट फुगलेले असेल तर आत बहुधा साखळी असते, जी वरच्या शाफ्टचा जोर बाजूच्या शाफ्टला पोहोचवते. कवच बिडाचे, बसके आणि जड असेल तर आत केवळ दातेरी चक्रे असण्याची शक्यता मोठी असते. मूळ विलिस जीपमधील स्पायसर १८ ही अशा चक्रांच्या केसची परिचित जात आहे. तिच्यात मागचा शाफ्टसुद्धा गाडीच्या मध्यावर न येता एका बाजूला येतो, आणि ही खूण अंधारातही चुकत नाही. साखळीची केस हलकी आणि शांत असते, चक्रांची केस आवाज करते पण मार सोसते. दोघींचे तेल वेगळे आणि म्हातारपणही वेगळे.

यानंतर धातूची पट्टी किंवा कवचावर कोरलेले अंक शोधावेत. ते सहसा मागच्या अर्ध्यावर असतात आणि मातीच्या थराखाली दडलेले असतात, म्हणून तारेचा ब्रश वापरण्यापूर्वी चिंधीला डिझेल लावून पुसावे; ब्रशने उथळ अक्षरे कायमची जातात. महिंद्राच्या गाडीखाली बोर्गवॉर्नर किंवा दिवगी-वॉर्नर हे नाव दिसल्यास गोंधळू नये : पुण्याची दिवगी टॉर्कट्रान्सफर ही कंपनी पूर्वी बोर्गवॉर्नरच्या भागीदारीत दिवगी-वॉर्नर या नावाने चालत असे आणि ट्रान्सफर केस हे तिचे प्रमुख उत्पादन आहे. पट्टीवरचा प्रत्येक अंक जसाच्या तसा टिपून त्याचा फोटो ठेवावा. सील, साखळी किंवा मोटर मागवताना गाडीच्या नावापेक्षा हा अंक उपयोगी पडतो, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक केस बदललेली असते आणि जुन्या गाडीत तर एखाद्या आधीच्या मालकाने दुसऱ्याच गाडीची केस बसवलेली असू शकते. एमएच-०४, एमएच-४३ किंवा एमएच-४६ पासिंगच्या आरसी बुकात यातले काहीही लिहिलेले नसते.

यूट्यूबवर माहिती शोधणाऱ्यांना एनपी २०५, एनपी २३१, एनव्ही २४६ अशी नावे सारखी भेटतात, म्हणून त्यांचा उलगडा इथेच करतो. ही अमेरिकी पिकअप आणि जीपमधील केसची नावे आहेत. एनपी म्हणजे न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज शहराची न्यू प्रोसेस गिअर, एनव्ही म्हणजे तिचेच नंतरचे न्यू व्हेंचर हे रूप. पुढच्या आकड्यांत पहिला आकडा वेगांच्या पायऱ्यांची संख्या सांगतो, दुसरा दणकटपणाची श्रेणी आणि तिसरा प्रकार. तिसरा एक असेल तर हाताने बदलण्याची पार्ट-टाइम, तीन असेल तर विजेवरची, असा साधारण संकेत आहे. याच पद्धतीने २३१ म्हणजे दोन पायऱ्यांची, हलक्या श्रेणीची, दांड्याने बदलणारी केस. तिच्यात साखळी असते आणि तिची फोर-एलची पायरी २.७२ आहे. बिडाच्या २०५ मध्ये केवळ चक्रे असतात आणि पायरी १.९६ आहे. हे आकडे, त्यांचे तेल आणि त्यांचे ठरलेले दोष त्याच गाड्यांपुरते आहेत. २४६ मध्ये तेलाचा पंप घासून कवचाला भोक पडते हे खरे आहे, पण ते ऐकून आपल्या गाडीचे कवच तपासत बसण्याचे कारण नाही.

पट्टी गायब असेल तर फोर-एलची पायरी मोजूनही ओळख पक्की करता येते. डांबरी रस्त्यावर टू-एचमध्ये, तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या २,००० फेऱ्या ठेवून फोनच्या जीपीएसवर वेग पाहावा. नंतर कच्च्या जमिनीवर फोर-एल लावून तोच गिअर आणि त्याच फेऱ्या ठेवून पुन्हा वेग पाहावा. पहिल्या वेळी ताशी ४५ किलोमीटर आणि दुसऱ्या वेळी १८ आले तर पायरी २.५ ठरते. कच्च्या जमिनीसाठी येऊरकडे जाऊ नये, तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. खाडीकाठच्या कांदळवनालाही कायद्याचे संरक्षण आहे. ओळखीच्या माणसाचे शेत किंवा मुरूम टाकलेले खासगी आवार यासारखी सोय नाही.

गाडीखाली शिरण्यापूर्वी

एक गोष्ट पाठ करून ठेवावी. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल तर गिअरबॉक्स पहिल्या गिअरमध्ये असूनही, किंवा ऑटोमॅटिक गाडी पार्कमध्ये असूनही, गाडी घरंगळू शकते, कारण इंजिन आणि चाके यांच्यातला दुवाच तुटलेला असतो. म्हणून काम सपाट जागेवर करावे, हँडब्रेक ओढावा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत आणि गाडी उचलायची असल्यास वजन जॅकवर न ठेवता घोडीवर (पक्क्या लोखंडी स्टँडवर) ठेवावे. जुन्या जीप-वंशाच्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशीच बसवलेला असतो. तिथल्या सीलमधून तेल गळत असेल तर ब्रेकचे लायनिंग तेलकट होऊन हँडब्रेक धरत नाही. अशा गाडीत ठोकळ्यांशिवाय खाली जाऊच नये.

नॉब फिरवला तरी फोर-एच लागत नाही

हीच तक्रार सर्वांत जास्त येते, म्हणून इथे सावकाश जाऊ.

आधी बदलण्याची रीत बरोबर आहे का ते पाहावे. टू-एचमधून फोर-एचमध्ये जाताना चाके सरळ असावीत आणि वेग पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेच्या आत असावा. चिखलात मागची चाके वेड्यासारखी फिरत असताना नॉब फिरवणे सर्वांत वाईट, कारण त्या वेळी स्थिर असलेला पुढचा भाग आणि भिरभिरणारा मागचा भाग यांना जोडण्याचा प्रयत्न होत असतो. फोर-एलसाठी गाडी थांबवून क्लच पूर्ण दाबावा लागतो, ऑटोमॅटिकमध्ये न्यूट्रल लावावे लागते, आणि काही केसमध्ये गाडी अगदी मुंगीच्या चालीने पुढे सरकवावी लागते म्हणजे दाते जुळतात. दिवा लुकलुकत असेल तर तो सहसा एवढेच सांगतो की हुकूम मिळाला आहे, काम पूर्ण झालेले नाही. सरळ रेषेत पाच-सहा मीटर पुढे आणि तितकेच मागे जाऊन पाहावे. फोर-एच सुटत नसेल तेव्हाही हाच उपाय करावा, कारण साठलेला पीळ उलट दिशेने गेल्याशिवाय आतली सरकती कडी मोकळी होत नाही.

एवढे करूनही उपयोग झाला नाही, तर दोष केसमध्ये आहे की पुढच्या अॅक्सलमध्ये, हे हाताने ठरवता येते, आणि संपूर्ण लेखातली हीच चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते. इंजिन चालू करून नॉब फोर-एचवर फिरवावा, सरळ रेषेत थोडी गाडी हलवावी, इंजिन बंद करावे, हँडब्रेक व ठोकळे लावावेत आणि खाली जाऊन पुढचा प्रॉपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून फिरवण्याचा प्रयत्न करावा. शाफ्ट घट्ट असेल, पुढचे एक चाक घोडीवर उचलल्यावरही केवळ किंचित खुळखुळत असेल, तर तो आतून मागच्या शाफ्टशी बांधला गेला आहे. केसने आपले काम केले. जोर पुढे हबमध्ये किंवा अॅक्सलच्या जोडणीत अडकला आहे. शाफ्ट मोकळा फिरत असेल तर केस जोडलीच गेलेली नाही. टू-एचमध्ये परतल्यावर, पुढचे हब किंवा अॅक्सल आपोआप सुटणाऱ्या गाडीत, तोच शाफ्ट हाताने फिरायला हवा. टू-एचमध्येही तो घट्ट राहिला तर पुढचे एक चाक घोडीवर उचलून पुन्हा फिरवून पाहावा : आता फिरला तर अॅक्सल किंवा हब जोडलेल्या अवस्थेत अडकले आहे, आणि तरीही न फिरल्यास केस फोर-एचमध्येच अडकून पडली आहे.

माझ्या जुन्या डबल-केबिन पिकअपच्या बाबतीत एका वर्कशॉपने पूर्ण केस बदलण्याचा अंदाज लिहून दिला होता आणि मी जवळजवळ होकार दिला होता. त्या रात्री पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन वरची चाचणी केली तेव्हा पुढचा शाफ्ट फोर-एचमध्ये खडकासारखा घट्ट होता. दुसऱ्या दिवशी पुढच्या अॅक्सलकडे जाणारी व्हॅक्यूमची रबरी नळी इंजिनाच्या मागे उंदराने कुरतडलेली सापडली. हातभर नळी बदलली आणि दिवा स्थिर झाला. स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडी ठेवणाऱ्यांनी उंदीर ही चेष्टा समजू नये. कुरतडलेली वायर आणि कुरतडलेली नळी या दोघी मिळून फोर-व्हील-ड्राइव्हच्या कितीतरी तक्रारींना जबाबदार असतात.

तर, शाफ्ट घट्ट असेल तेव्हा व्हॅक्यूमच्या नळ्या टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपाव्यात, भेगा पडलेल्या व सैल झालेल्या बदलाव्यात, ॲक्च्युएटरपाशी (त्या ओढीवर पुढची जोडणी करणाऱ्या डबीपाशी) इंजिन चालू असताना नळी काढून बोट लावल्यास ओढ जाणवते का ते पाहावे. ओढ आहे आणि तरीही जोडणी होत नसेल तर ॲक्च्युएटरचा पडदा फाटलेला किंवा आतला भाग गंजून अडकलेला असतो. हाताने फिरवायचे हब असतील तर दोन्ही बाजूंची खूण ‘लॉक’वर आहे ना, हे तपासायला विसरू नये. एकच हब फिरवून ओरडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांपैकी एक मी स्वतः आहे.

शाफ्ट मोकळा असेल तर केसकडे वळावे, पण अजून बाहेरूनच. नॉब फिरवताच केसच्या मागच्या बाजूला बसवलेली मोटर अर्धा-एक सेकंद घरघरते का, ते शांत जागी एकाने गाडीत बसून आणि दुसऱ्याने खाली कान देऊन ऐकावे. काहीच ऐकू येत नसेल तर फ्यूज, बॅटरीचा जोर, अर्थिंग आणि मोटरचा कनेक्टर या क्रमाने जावे. आपल्या हवेत कनेक्टरच्या पितळी पिनांवर हिरवट बुरशीसारखा गंज चढतो. तो कॉन्टॅक्ट क्लीनरने काढून, पिना सरळ करून, सुकवून परत बसवल्यावर अनेक ‘मेलेल्या’ मोटरी जाग्या होतात. आवाज येतो पण बदल होत नाही, किंवा दिवा चुकीची स्थिती दाखवतो, अशा वेळी मोटरमधील स्थिती सांगणारा सेन्सर संशयित ठरतो. वेगाचा सेन्सर बिघडल्यासही गाडी थांबलेली असूनही संगणकाला ती चालू वाटते आणि तो फोर-एल नाकारतो. त्याच वेळी स्पीडोमीटरही वेडेवाकडे वागत असेल तर हा धागा आधी धरावा.

मोटर निर्दोष की सदोष, हे निर्विवादपणे ठरवण्याचा एक मार्ग आहे. ठोकळे पक्के असल्याची खात्री करून मोटरचे तीन-चार बोल्ट काढावेत. आतून बाहेर आलेला बदलाचा छोटा दांडा दिसतो. मूळ स्थितीची खूण करून तो दांडा पान्याने हळू फिरवावा. तो टप्प्याटप्प्याने फिरत असेल आणि पुढचा शाफ्ट जोडला जात असेल, तर केस ठणठणीत आहे आणि खर्च मोटरपुरता मर्यादित आहे. दांडा अजिबात हलत नसेल, किंवा हलूनही आत काहीच जोडले जात नसेल, तरच आतली जोडणारी कडी, ती सरकवणारा फाटा किंवा गंज यांचा विचार करावा. मोटर परत बसवताना दांडा आणि मोटर एकाच स्थितीत असावी लागतात, म्हणून ती खूण महत्त्वाची आहे.

दांड्याच्या गाडीत याच जागी जोडदांडे, त्यांचे बुश आणि बोल्ट तपासावेत. फोर-एल चढावर सुटून न्यूट्रलमध्ये येत असेल तर आतला झिजलेला फाटा किंवा गोल झालेले दाते हे कारण असू शकते खरे, परंतु त्याआधी गिअरबॉक्सखालचे रबरी माउंटिंग पाहावे. ते बसले की पूर्ण डबा खाली झुकतो, केबिनला बांधलेला दांडा तिथेच राहतो, आणि कडी पूर्ण आत न जाताच दांडा टोकाला पोहोचल्यासारखा वाटतो.

आवाज आणि खटके

आवाजाच्या बाबतीत ‘कोणता आवाज’ यापेक्षा ‘कधी’ हा प्रश्न जास्त कामाचा असतो. निघताना किंवा गिअर बदलताना टू-एचमध्येही एकच ‘टक्’ येत असेल आणि हळू वेगात चिमणीसारखी चिकचिक होत असेल, तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांध्यातला फुलीच्या आकाराचा भाग, कोरडा पडला आहे. शाफ्ट हाताने उलटसुलट हलवला की ढिलाई कळते. टू-एचमध्ये शांत असलेली गाडी फोर-एलमध्ये चढाला भार घेताच कडकड करत दाते चुकवल्यासारखी उडी मारत असेल, तर साखळी ताणली गेल्याचा संशय बळकट होतो आणि ती मात्र डबा खोलूनच बदलावी लागते. अशा अवस्थेत फोर-एल वापरत राहिल्यास साखळी आतून कवच घासू शकते, म्हणून टू-एचमध्येच घरी यावे. फोर-एलमध्ये ऐकू येणारी बारीक सुरेल गुणगुण मात्र चक्रांची स्वाभाविक असते.

वेगाबरोबर चढणारी घुईघुई ऐकू आल्यास रिकाम्या सरळ रस्त्यावर, इंजिन चालूच ठेवून, क्षणभर गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये टाकावा. आवाज तसाच राहिला तर तो चाकाच्या बेअरिंगचा, डिफरन्शियलचा किंवा केसच्या बाहेरच्या शाफ्टच्या बेअरिंगचा आहे. थांबला तर तो त्याच्या अलीकडचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या किंवा इंजिनाच्या बाजूचा आहे.

टायरचे काय? दोनच टायर नवे घातलेले असतील किंवा स्टेफनी वेगळ्या मापाची लावलेली असेल तर फोर-एचमध्ये सरळ चालतानाही पीळ साठतो, नॉब सुटत नाही आणि दोष केसवर येतो. चारही चाकांचा घेर शिंप्याच्या फितीने मोजावा. हवासुद्धा सारखी असावी.

तेल

तेल तपासण्यासाठी इंजिनासारखी बुडवायची पट्टी (डिपस्टिक) सहसा नसते. बाजूचा भरण्याचा बोल्ट काढल्यावर तेल त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावे लागते. निचऱ्याचा बोल्ट उघडण्यापूर्वी भरण्याचा बोल्ट सुटतो आहे याची खात्री करून घ्यावी, अन्यथा तेल सांडून गेल्यावर वरचा बोल्ट गंजून बसल्याचे लक्षात येते आणि कोरडी गाडी जागेवरच अडकते. बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसतात, त्यामुळे जोर लावून आवळू नयेत. आटे गेल्यास काम दसपट वाढते. बहुतेक पिकअपमध्ये एक ते दोन लिटर तेल लागते.

कोणते तेल, हे पुस्तिकेवरूनच ठरवावे. साखळीच्या अनेक केसमध्ये लाल रंगाचे, डेक्स्रॉन जातीचे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल) असते, चक्रांच्या केसमध्ये गिअर ऑइल असते, आणि ‘जाड तेल म्हणजे चांगले तेल’ या समजुतीने एटीएफच्या जागी गिअर ऑइल ओतल्यास केस जडपणे बदलते आणि आतला छोटा पंप नीट काम करत नाही. काढलेले तेल पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात पाहावे. निचऱ्याच्या बोल्टला चुंबक असल्यास त्यावर करड्या मलमासारखी भुकटी असणे स्वाभाविक आहे, टोचणारे तुकडे असणे नव्हे. जळका वास, चकाकते कण, दुधाळ रंग यांचे अर्थ अनुक्रमे ताप, झीज आणि पाणी.

केस भरून वाहते आहे आणि गिअरबॉक्स मात्र रिकामा होतो आहे, असे विचित्र चित्र दिसले तर दोघांमधला सील गेलेला असतो आणि एकाचे तेल दुसऱ्यात सरकत असते. बाहेर एक थेंबही न पडता हे घडते, म्हणून दोन्हींची पातळी एकाच दिवशी तपासावी.

पावसाळा आणि खाडी

भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की ठाण्यात आणि नवी मुंबईच्या खाडीकाठच्या नोड्समध्ये (वसाहतींमध्ये) रस्त्यावर साचणारे पाणी कधी कधी खारटही असते, आणि ट्रान्सफर केसला ते दोन वाटांनी गाठते. एक वाट गंजलेल्या सीलची. दुसरी, जास्त फसवी, ब्रीदरची, म्हणजे केसमधली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या नळीची : केस गरम असताना गाडी थंड पाण्यात उतरली की आतली हवा आकसते आणि नळीचे तोंड पाण्यात असेल तर पाणी आत ओढले जाते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर उलट प्रकार होतो, तापलेली हवा बाहेर पडू शकत नाही आणि चांगल्या सीलमधूनही तेल ढकलले जाते. म्हणून गळती दिसताच सील बदलण्याआधी ब्रीदरची नळी काढून फुंकून पाहावी, आणि शक्य असल्यास तिचे तोंड इंजिनाच्या कप्प्यात उंच नेऊन बांधावे.

पाणी चाकांच्या मध्याच्या वर आले असेल तर केस, गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफरन्शियल यांचे तेल त्या आठवड्यातच पाहावे. एकाही ठिकाणी दुधाळ रंग दिसल्यास ते बदलावे, दोन-तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा बदलावे. पावसाळ्यानंतर खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन मोटरचा कनेक्टर उघडून पाहण्याची सवय ठेवावी. महिन्यातून एकदा ओल्या किंवा कच्च्या जमिनीवर दोन-चार किलोमीटर फोर-एच आणि काही मीटर फोर-एल लावल्यास सरकते भाग तेलात न्हाऊन निघतात आणि बदलाचा दांडा गंजून बसत नाही.

गॅरेजमध्ये आणि टोइंगवर

वर्कशॉपमध्ये ‘फोर-बाय-फोर चालत नाही’ असे सांगू नये. ‘फोर-एचमध्ये पुढचा शाफ्ट हाताने फिरतो, मोटरचा आवाज येत नाही, फ्यूज चांगला आहे’ असे सांगावे आणि जॉब कार्डवर तसेच लिहून घ्यावे. पट्टीवरचा अंकही लिहावा. केस खोलावीच लागली तर निघालेले जुने भाग परत मागून घ्यावेत. कुर्ल्याच्या बाजारातून वापरलेली पूर्ण केस आणण्याचा सल्ला मिळाल्यास तिच्या पट्टीवरचा अंक, फोर-एलची पायरी, पुढच्या शाफ्टचे तोंड कोणत्या बाजूला आहे आणि मोटरच्या कनेक्टरच्या पिना, या चार गोष्टी आपल्या केसशी जुळल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गाडी उचलून न्यावी लागली तर चारही चाके वर घेणारी सपाट टोइंग गाडीच मागवावी. पुढची दोन चाके उचलून मागची रस्त्यावर फिरवत नेल्यास मागचा शाफ्ट फिरत राहतो आणि इंजिन बंद असल्याने आतल्या अनेक भागांना तेल पोहोचत नाही; शीळफाट्यापासून कळंबोलीपर्यंतच्या अंतरातही चांगली केस जळू शकते. सपाट गाडी मिळतच नसेल आणि नाइलाजाने तसे न्यावे लागले, तर टोइंगवाल्याकडून मागचा प्रॉपेलर शाफ्ट डिफरन्शियलच्या बाजूने सोडवून घ्यावा, सोडवण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर (जोडणीच्या चकत्यांवर) खडूने एकच आडवी रेघ मारावी, आणि बसवताना ती रेघ पुन्हा जुळवावी.